रान कुठे संपतं?

संपादक महोदय,

गोव्यात खासगी जमीन वन ठरायला पाच हेक्टर क्षेत्र, ०.४ छत्रघनता (म्हणजे चाळीस टक्के जमिनीवर झाडांच्या माथ्यांचं छत) आणि ७५ टक्के वनवृक्ष असे निकष आहेत. सत्तरीतल्या आमच्या डोंगरावर माट्टी-किंदळ या वनवृक्षांचं रान काजूच्या बागेत असं मिसळलंय की दोरी कुठे धरावी कळत नाही. गावच्या बैठकीत तोडगा निघाला: मध्ये ‘संशयित’ असा तिसरा वर्ग करा. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, म्हणून कळकळीने लिहितो. त्याने एका धूसर सीमेच्या दोन होतात. संशय नेमका कोणत्या झाडापासून सुरू होतो? तिथेही पट्टे आखले तर सीमा चार! एकेक दाणा काढत गेलं तर ढीग नेमका कधी ढीग राहत नाही, हे ग्रीक तत्त्वज्ञ युबुलिडीसचं ढिगाऱ्याचं कोडं इ.स.पू. चौथ्या शतकातलं, पण ही दुसऱ्या पायरीची धूसरता, म्हणजे संशयाच्या सीमेचीच धूसरता, त्याहून चिवट आहे. तत्त्वज्ञ टिमथी विल्यमसन यांच्या मते रेषा असतेच, आपल्याला ती कळू शकत नाही. मला हे पटत नाही, त्या डोंगरावर उभं राहून तर नाहीच. ०.४ हा आकडा रानात सापडलेला नाही, माणसांनी ठरवलेला आहे. म्हणून घनता मोजायचा चौकोन कुठे आखला आणि का, हे प्रत्येक नकाशावर लिहावं आणि ग्रामसभेत वाचून दाखवावं.

— एक निवृत्त शिक्षक, वाळपई