आजींची ओळख पटत नाही, मंत्रीमहोदय

प्रति,
मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

तुर्भे स्टोअरला आमच्या शेजारी एक आजी राहतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी इथल्या दगडखाणीत खडी फोडली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई उभी राहू लागली. तिच्या कुठल्या ना कुठल्या रस्त्याखाली आजींनी फोडलेली खडी असणारच. आता त्यांच्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत. पेन्शनच्या पडताळणीला अंगठा येत नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्यासोबत केंद्रात गेलो होतो. तिथल्या मुलाने आधी बोटं ओल्या फडक्याने पुसायला लावली, मग खोबरेल चोळायला. एकेक करून दहाही बोटं झाली, दर वेळी लाल दिवा. "आजी, ओळख पटत नाही," तो म्हणाला. पोरगा वाईट नाही. तो आमच्याच गल्लीत वाढला, लहानपणी आजींच्या हातची भाकरी खाल्लेला. पण त्याचं ओळखणं नोंदवायला कुठे रकानाच नव्हता. घरी येताना आजी दोन्ही हात पदराखाली धरून चालत होत्या. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आक्सेल होनेट या जर्मन तत्त्वज्ञाने १९९२ साली आधुनिक समाजाच्या दुखण्यावर बोट ठेवलं. माणसाला स्वतःबद्दलचा विश्वास एकट्याने कमावता येत नाही, तो इतरांकडून मिळतो: घरच्यांच्या मायेतून, कायद्याच्या हक्कातून आणि आपल्या कष्टांची चारचौघांत कदर होते त्यातून. हे नाकारलं गेलं की माणूस स्वतःच्याच नजरेत उतरतो. मला त्या पदराखालच्या हातांत हेच दिसलं. आपल्या भाषेत तर दोन्हीला शब्द एकच. मशीनवर पटते तीही ओळख, आणि निरोप घेताना "ओळख ठेवा" म्हणतो तीही.

आधारच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाचा लाभ अडू नये, असंच सांगितलं आहे. माझी विनंती एवढीच, की अंगठा येत नसेल तिथे केंद्रातल्या कर्मचाऱ्याची आणि दोन शेजाऱ्यांची सही पुरेशी धरावी, आणि तसा आदेश प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर ठळक मराठीत लावावा.

आजींना सोमवारी पुन्हा बोलावलं आहे. सही करायला मी आणि समोरच्या मावशी तयार आहोत.

आपला,
तुर्भ्याचा एक रहिवासी