टीव्ही मागवण्याआधी शोकेसचे माप

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, जुना टीव्ही आता दुरुस्त होण्यासारखा राहिलेला नाही आणि नवा घ्यायचाच तर ५५ इंची घ्यावा, असे तुम्ही फोनवर म्हणालात. पैशांची काळजी करू नका, टीव्ही मीच पाठवणार आहे. पण माप हाती आल्याशिवाय मी तो मागवणार नाही.

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याची रुंदी नव्हे, तर एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. त्या हिशेबाने ५५ इंची टीव्हीचा पडदा सुमारे ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच असतो, तर ४३ इंचीचा साडेसदतीस इंच रुंद आणि २१ इंच उंच. चौकटीमुळे त्यात थोडी भर पडते. टीव्ही ठेवायचा तो आपल्या शोकेसचा मधला कप्पा मला आठवते त्याप्रमाणे ४० इंचांच्या आसपास रुंद आहे, म्हणजे ५५ इंची त्यात मावणार नाही, ४३ इंची मावेल. सुताराने कप्प्याच्या तोंडाशी जी सागवानी पट्टी ठोकली आहे, तिने दोन्ही बाजूंची अर्धा-अर्धा इंच जागा खाल्ली आहे, म्हणून माप आतून न घेता पट्टीपासून पट्टीपर्यंत घ्यावे.

पायांचेही पाहावे लागते. गेल्या वर्षी मी इथे ५० इंची टीव्ही आणला, तेव्हा त्याचे पाय अगदी दोन टोकांना निघाले आणि ४० इंची टेबलावर ते दोन्ही एकदम टेकेनात. शेवटी भिंतीला भोके पाडून तो टांगावा लागला. तुमच्या त्या जुन्या भिंतीला ड्रिल लावणे मला मुळीच पसंत नाही.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बातम्यांखालची धावती पट्टी तुम्हाला नीट वाचता येत नाही, म्हणून मोठा पडदा हवा आहे, हे मला समजते. पडद्याच्या मापाच्या साधारण दीडपट अंतरावर बसावे असे मानतात. ४३ इंचीसाठी ते साडेपाच फुटांच्या जवळपास येते. तुमची आरामखुर्ची शोकेसपासून ७ फुटांवर आहे, ती फूट-दीड फूट पुढे घेतली की पट्टी वाचता येईल. शिवाय ज्या २१ इंची डब्यावर तुम्ही इतकी वर्षे बातम्या पाहिल्यात, त्याचा पडदा जेमतेम साडेबारा इंच उंच होता.

आई, तुझ्या शिलाई मशीनच्या खणातली टेप ६० इंचांची आहे, ती पुरेल. कप्प्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोज, कारण जुने लाकूड वाकते, आणि त्यातला सर्वांत लहान आकडा धर. उंची आणि खोलीही लिहून ठेव. मग वर्तमानपत्राची पाने जोडून ३८ बाय २२ इंचांचा, म्हणजे चौकटीसह ४३ इंची टीव्हीएवढा, कागद काप, कप्प्यात लाव आणि बाबांना खुर्चीत बसवून विचार.

रविवारी सकाळी फोन करते, तेव्हा आकडे सांगा.

तुमची लेक