गौताळ्याला वाटाड्या हवा

मा. संपादक,
स. न.

पाऊस सुरू झाला की पुरवण्यांमध्ये भटकंतीची पानं येतात आणि त्यांत राजमाची, हरिश्चंद्रगड ठरलेले. आमच्या संभाजीनगरची माणसंही मग सहा-सात तास गाडी हाकून लोणावळ्याच्या गर्दीत भिजून येतात. साठेक किलोमीटरवरचं कन्नड आणि त्यापुढचं गौताळ्याचं रान कुणाला आठवत नाही.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही तिघं साठीचे मित्र गौताळा तलावावर जाऊन आलो. गाडीरस्ता मुद्दाम टाळला. पायाखाली निसटणारे काळे धोंडे, कमरेएवढं गवत, मोज्यांत कुसळं. मध्येच सलईची पांढरट खोडं. तलाव दिसल्यावर आमच्यातला सगळ्यात बोलका मित्र पंधरा मिनिटं गप्प होता, यावरून काय ते समजा.

परतताना वाट चुकलो. ढोरवाटांना फाटे किती फुटतात, याची शहरात कल्पना येत नाही. मोबाइलला रेंज नव्हती. ओढ्याच्या कडेने उतरलं की गाव लागतं, असं मीच वर्गात शिकवलेलं, म्हणून ओढा धरला. तासाभराने एक गुराखी भेटला. आम्हाला न्याहाळून म्हणाला, "काका, हे पानी तर खानदेशात चाललंय. तुमाला कन्नडला जायचंय ना?"

खरंच होतं. हा डोंगर म्हणजे पाणलोटाची धार. दक्षिणेचं पाणी शिवनेतून गोदावरीला, उत्तरेचं गिरणेतून तापीला, आणि उत्तरेला पुढे उभे कडे. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला हे गुराख्याने सांगावं! मित्र अजून हसतात.

हे अभयारण्य 1986 चं, दोन जिल्ह्यांत पसरलेलं, सुमारे 260 चौरस किलोमीटरचं. इथे बिबट्या आहे, 2021 मध्ये तर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत वाघ आला होता. तेव्हा काँक्रीटच्या पायऱ्या, रेलिंग, सेल्फी पॉइंट असलं काही इथे नको. वाट आहे तशीच खडतर राहू द्यावी. पायथ्याच्या गावांतली पोरं मात्र वाटाडे म्हणून नेमावीत, त्यांच्याशिवाय पायवाटेने कुणाला सोडू नये आणि त्यांचा दर फलकावर लिहावा. दर ठरवणं त्यांच्यावर सोडू नका. आमच्या गुराख्याने शंभराची नोट परत केली आणि पाण्याची रिकामी बाटली तेवढी मागून घेतली.

– एक निवृत्त शिक्षक, छत्रपती संभाजीनगर