पाना-पक्कड आणि दोन वर्षांचा हिशेब

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी पुण्याची नोकरी सोडून आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायला जातो म्हणालो, तर बाबा म्हणाले, "बी.कॉम. करून आता पाना-पक्कड धरणार का?" आणि फोन आईकडे दिला. आईनं "जेवलास का" विचारलं आणि विषय तिथंच मिटला. म्हणून लिहायला बसलोय. कागदावर तरी कुणी मधेच तोडत नाही.

बाबा, तुमचाच एक दिवस आठवा. मी सातवीत होतो. डबा घेऊन यंत्रमागाच्या कारखान्यात आलो, तर तुम्ही उंबऱ्यावर बसलेले. विजेच्या तीन फेजांपैकी एक गेला होता, मागाची मोटर उरलेल्या दोन फेजवर ओढत राहिली आणि तिच्या आतल्या तारेचं वाइंडिंग जळलं. वायरमन येईपर्यंत माग बंद, आणि माग बंद म्हणजे मजुरी बंद. तो दुपारी तीनला आला, मोटर सोडवून रिवाइंडिंगला नेली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसवली. दोन दिवस तुम्ही रिकाम्या हातानं घरी आलात, तो मात्र पैसे मोजून गेला. रात्री जेवताना तुम्हीच म्हणालात, "विद्या त्याच्याकडं आहे, काय करणार."

आता पैशाचं. मला करायचाय तो आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, दोन वर्षांचा. ही पदवी नाही, हे मला ठाऊक आहे. पदवी एक आहेच, ट्रंकेत पडलेली. आपल्या सोलापुरात विजापूर रोडच्या सरकारी आयटीआयत जागा मिळाली तर फी अगदी किरकोळ. पण प्रवेश दहावीच्या मार्कांवर आणि या ट्रेडला गर्दी फार, त्यामुळे माझ्या ६८ टक्क्यांवर भरवसा ठेवता येत नाही. एका खासगी संस्थेत विचारलं, त्यांनी दोन वर्षांचे ५५,००० सांगितले. तेही मी साठवलेत.

खरा खर्च वेगळाच आहे: दोन वर्षं बुडणारा पगार. तुम्ही म्हणाल, महिना १९,००० म्हणजे साडेचार लाखांवर पाणी. पण पुण्यात खोली, मेस आणि येणं-जाणं यांतच ११,००० जातात. हातात उरतात ८,०००, त्यातलेच ५,००० घरी येतात. म्हणजे दोन वर्षांत बुडतात ते १,९२,०००. घरी राहून आईच्या हातची कडक भाकरी खाल्ली तर मेसवाला आपोआप सुटतो. आई, तुझ्या विड्यांच्या मजुरीवर मात्र बसून खाणार नाही. रविवारी आणि सुट्टीत कुणाच्या तरी हाताखाली जाईन, बोलून ठेवलंय.

पुढं काय मिळणार, तेही खरं सांगतो. गेल्या दिवाळीत ज्या वायरमनबरोबर दोन दिवस पाइप-पट्ट्या ठोकल्या, तो रोजाचे ९०० घेतो, पण आठवड्याला धरून चार दिवसच काम. महिन्याचे जेमतेम पंधरा-साडेपंधरा हजार होतात. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिपचं एक वर्ष आहे, तिथला स्टायपेंड म्हणजे हातखर्च. वीज कंपनीच्या भरतीचं गाजर मी स्वतःला दाखवत नाही. तिथं वयाची अट असते आणि तोवर मी तिशी गाठलेली असेन.

मग कशासाठी? त्या वायरमनकडे हात आहे, कागद नाही. नव्या घराला मीटर घ्यायचा तर वायरिंग तपासल्याच्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते. हा काम करतो आणि सहीसाठी दुसऱ्याचे पाय धरतो, त्याला वेगळे पैसे देतो. सरकारी भाषेत वायरमनला 'तारतंत्री' म्हणतात (वाद्य वाजवणाऱ्यासारखं वाटतं नाही?), आणि त्या परवान्याच्या वाटेवर आयटीआयचं प्रमाणपत्र मोठी पायरी आहे. पुढं वाटलं तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही बसता येतं.

काम तर वाढतंच आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या छतावरच्या सोलरला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि ऊन आपल्या सोलापूरला कुणाकडून उसनं आणावं लागत नाही. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यांचे विजेचे पॅनल, मोटरचे स्टार्टर बघणारी माणसं लागतातच. कारखान्यातला पगार सुरुवातीला माझ्या आजच्या पगाराएवढाच असेल, कदाचित थोडा कमीही. पण इथल्या गोदामात चार वर्षं बिलं फाडतोय, आणि माझ्या जागी उद्या कुणीही बसला तरी मालकाला फरक पडणार नाही.

आई, तुझी काळजी वेगळी आहे, कळतं मला. स्थळ बघताना "मुलगा पुण्यात नोकरीला" म्हटलं की समोरचे चहा ठेवतात. "मुलगा आयटीआय शिकतोय" म्हटल्यावर काय ठेवतील, माहीत नाही. यावर माझ्याकडं उत्तर नाही. दोन वर्षं स्थळं थांबतील, एवढंच.

भीती मलाही आहे. वर्गात दहावी झालेली पोरं असतील, मला काका म्हणतील. आणि विजेशी काम म्हणजे एक चूक पुरे होते, हे तुम्ही सांगायची गरज नाही.

बाबा, ट्रंकेत आईच्या विडी कार्डाखाली माझी दहावीची मार्कशीट असेल, ती काढून ठेवा. शाळेचा दाखला सापडला तर तोही. फॉर्म मी तुमच्याशी समोर बसून बोलल्यावरच भरणार, पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतोय. आणि आई, स्वयंपाकघरातला तो झटका देणारा बोर्ड मी येईपर्यंत वापरू नकोस. मिक्सर बाहेरच्या खोलीत लाव.

तुमचा,
बाळू