बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवाल्या काकांस अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी सायकलच्या मागच्या सस्पेन्शनचे सगळे सांधे उघडले. मृगापासून हस्तापर्यंत ही सायकल येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढणीवर आणि जांबोटीच्या वाटेवरच्या तांबड्या चिखलात फिरली होती. आपल्याकडचा पाऊस बेअरिंगच्या सीलमधून कसा आत शिरतो हे ठाऊक असल्याने मी धास्तावलेलाच होतो. आठांपैकी सात बेअरिंगे बोटाने फिरवल्यावर दिवाळीतल्या तुपासारखी मऊ फिरली. आठवे थोडे खरखरले, पण तो दोष तुमच्या कामाचा नाही. घाईच्या एका रविवारी मी गाडी धुण्याच्या सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरली होती, त्याचा तो परिणाम आहे. दुसऱ्या दिवशी इतर हत्यारांबरोबर तुम्ही करून दिलेला, बेअरिंग दाबून बसवायच्या प्रेसचा संचही पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिले आणि मग हे पत्र लिहायला बसलो.

समोर आभार मानू लागलो की तुम्ही ‘चहा घे’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे लेखी. तुमचे नाव छापू नकोस असे तुम्ही बजावले होते, ते पाळले आहे.

माझ्याकडे तेव्हा काय होते, ते वाचणाऱ्यांसाठी आधी सांगतो. कार्बन फायबरची नुसती फ्रेम होती, तीही जुनी घेतलेली. २९ इंची चाकांसाठी असलेल्या या फ्रेमचा मागचा प्रवास, म्हणजे मागचे चाक वर-खाली होण्याचे अंतर, १४० मिलिमीटरचा. चाके, फोर्क, ब्रेक, क्रँक यांतले काहीही नाही. धक्के झेलणारा मागचा शॉकसुद्धा वेगळा मिळवलेला, २१० मिलिमीटर लांबीचा आणि ५५ मिलिमीटर स्ट्रोकचा, म्हणजे तेवढा दबणारा. एकेक सुटा भाग जमवून सायकल उभी करायची, हा हट्ट माझा. मी हिशेबतपासनीसाच्या कचेरीत काम करणारा माणूस आहे, आकडे जुळवणे माझे रोजचे काम, त्यामुळे हेही जमेल असे मला वाटले. सांध्यांतली बेअरिंगे झिजली होती आणि नवी कशी बसवायची असे मी परगावच्या एका दुकानात विचारले, तेव्हा ‘सॉकेट ठेवा आणि हातोडीने ठोका’ असा सल्ला मिळाला. मी तो मानला. पहिले बेअरिंग ठोकून बसवले खरे, पण ते फिरवताना ठरावीक जागी अडखळू लागले. नव्याकोऱ्या बेअरिंगची अशी अवस्था कशी झाली हे मला कळेना. एका मित्राने मग तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे तुमच्याकडे पाठवले.

तुम्ही बेअरिंगकडे पाहण्याआधी फ्रेमकडे पाहिलेत, हे मला अजून आठवते. खिशातले नाणे काढून तुम्ही खालच्या नळीवर हलकेच टकटक करत वरपासून खालपर्यंत गेलात. ओतकामाच्या गावात तडा गेलेले कास्टिंग वाजवून ओळखतात हे मी ऐकून होतो. कार्बनलाही तीच परीक्षा लागू पडते हे त्या दिवशी पाहिले. आवाज खणखणीत नसला तरी चालेल, पण सगळीकडे सारखा हवा आणि एखाद्या ठिकाणी तो बद्द झाला तर आतले थर सुटले असण्याची शंका घ्यावी, असे तुम्ही सांगितलेत. क्रँकचा दांडा बसतो त्या तळाच्या ब्रॅकेटजवळ एका जागी तुम्ही तीनदा टकटक केलेत, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. ते वंगणाचे वाळलेले पुट निघाले.

मग ते अडखळणारे बेअरिंग हातात घेऊन तुम्ही एकच वाक्य बोललात: ‘हातोडी ठेव की तिकडं, ढकलायचं असतंय हे.’ बेअरिंग त्याच्या घरात, म्हणजे बैठकीत, बसवायचे तर दाब बाहेरच्या कड्यावर यायला हवा आणि दांड्यावर चढवायचे तर आतल्या कड्यावर. मी आतल्या कड्यावर ठोकले होते, त्यामुळे प्रत्येक घाव छऱ्यांतून पलीकडे गेला आणि छऱ्यांनी आपल्या धावपट्टीवर खड्डे पाडले. हे तत्त्व कोणत्याही कारखान्यातल्या पहिल्या वर्षाच्या मुलाला ठाऊक असेल, पण मला ते कोणी सांगितले नव्हते. शिवाय कार्बनच्या फ्रेममध्ये बेअरिंगची बैठक म्हणजे चिकटवलेली ॲल्युमिनियमची बारीक बाही असते. हातोडीच्या घावाने ती वाकडी झाली तर बेअरिंग बदलून भागत नाही, फ्रेमच जाते.

तुम्ही केलेले हत्यार दिसायला साधे आहे. माझ्या फ्रेमला लागणाऱ्या ६९०२ क्रमांकाच्या बेअरिंगचे आतले भोक १५, बाहेरचा व्यास २८ आणि जाडी ७ मिलिमीटर. भोकातून सहज जाईल असा १२ मिलिमीटरचा आट्यांचा रॉड, दोन्ही टोकांना नट, ग्रीस लावलेले वॉशर आणि मध्ये ॲल्युमिनियमच्या दोन चकत्या. प्रत्येक चकतीचा बेअरिंगला टेकणारा चेहरा मधोमध खोलगट कोरलेला, म्हणजे ती बाहेरच्या कड्यालाच टेकते आणि आतल्या कड्याला शिवत नाही. चकतीचा व्यास २८ पेक्षा किंचित कमी, म्हणजे ती बेअरिंगबरोबर घरात उतरू शकते. जुने बेअरिंग बाहेर काढण्यासाठी वेगळा कप, ३० मिलिमीटर भोकाचा, आणि फ्रेमच्या रंगाला ओरखडा उठू नये म्हणून तो डेलरिन या टणक प्लास्टिकचा. पान्ह्याने नट पिळत गेलो की बेअरिंग सरळ, न बोलता आत जाते आणि तळाला टेकल्यावर हाताला ते कळते. पहिले असे बेअरिंग बसले तेव्हा मी काही वेळ नुसता बघत राहिलो.

सायकलच्या सांध्यातले बेअरिंग चाकातल्यासारखे पूर्ण फिरत नाही, काही अंश पुढेमागे डोलते, म्हणून त्याच त्या छऱ्यांवर त्याच त्या जागी भार येत राहतो. यासाठी छऱ्यांना अंतरावर ठेवणारा पिंजरा काढून छऱ्यांनी गच्च भरलेली बेअरिंगे मिळतात. ती मागवायला तुम्हीच सांगितलेत. बैठकीत ग्रीसचा पातळ थर द्यायलाही सांगितलेत, कारण कार्बन आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की गंज ॲल्युमिनियमला खातो. आपल्या पावसात ही सूचना किती मोलाची होती ते परवा सांधे उघडल्यावर दिसले.

आता माझ्या चुकीकडे येतो, कारण तिच्यामुळेच हे पत्र लांबले आहे. शॉकच्या डोळ्यातली, म्हणजे टोकाच्या भोकातली, पिन झिजली होती. मी घरी व्हर्निअरने पिनचे माप घेतले, चिठ्ठीवर दोन दशांशांपर्यंत लिहिले आणि त्याच मापाची नवी पिन करून द्या म्हणालो. तुम्ही विचारलेत, ‘माप कशाचं घेतलंस?’ मी ऐटीत म्हणालो, पिनचे. तुम्ही काही न बोलता पिन करून दिलीत आणि तिचे पूर्ण पैसे घेतलेत. सायकलला शॉक लावला, सीट धरून उचलली, तर तीच जुनी टकटक. झिजलेल्या पिनचे माप घेऊन मी झिजेचीच नक्कल करवून घेतली होती. १४० मिलिमीटरचा प्रवास ५५ मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये मावतो, म्हणजे शॉकपाशी ०.२ मिलिमीटरची ढिलाई चाकापाशी अडीच पटीने अर्ध्या मिलिमीटरची होते आणि उतारावर प्रत्येक दगडागणिक ती ऐकू येते. दुसऱ्यांदा आलो तेव्हा तुम्ही नव्या बुशचे, म्हणजे पिन ज्यात बसते त्या बाहीचे, भोक स्वतः मापलेत, पिन थोडी जाड ठेवून मग पॉलिश पेपरने उतरवत नेलीत आणि ती अंगठ्याच्या दाबाने आत सरकली तेव्हा थांबलात. या दुसऱ्या पिनचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. चुकीच्या मापाचे घेतले, बरोबर मापाचे सोडले. हिशेबतपासनीस म्हणून मला हा ताळेबंद आजही नीट लावता आलेला नाही.

शॉक पाहून तुम्ही हसलात. ज्यांचे अर्धे आयुष्य हायड्रॉलिक सिलिंडरांत गेले त्यांना यात नवे ते काय वाटणार! हवेची स्प्रिंग, बारीक छिद्रांतून जाणारे तेल आणि तरंगत्या पिस्टनमागे दाबाने भरलेला नायट्रोजन. ‘हा आपला ॲक्युम्युलेटरच की’ असे तुम्ही म्हणालात (हायड्रॉलिकमध्ये दाब साठवणाऱ्या टाकीला तसे म्हणतात) आणि लगेच, तो घरी उघडायचा नाही, अशी ताकीदही दिलीत. ती मी पाळली आहे.

टॉर्क रेंचची गोष्ट मात्र सगळ्यांनी वाचावी अशी आहे. कार्बनवर बोल्ट अंदाजाने आवळू नये म्हणून मी एक स्वस्तातला टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला पीळ भरला की टक वाजणारा पाना, घेतला होता. त्याचा चौकोनी गट्टू तुम्ही व्हाइसमध्ये धरलात, रेंच आडवा ठेवलात, १० न्यूटन-मीटरवर लावलात आणि अक्षापासून २० सेंटिमीटरवर पाच किलोचे वजन टांगलेत. हिशेबाने ते जवळजवळ १० भरते, म्हणून टक आवाज यायला हवा होता. आला नाही. वजन सरकवत २४ सेंटिमीटरवर नेल्यावर आला, म्हणजे माझा रेंच १० सांगून जवळपास १२ आवळत होता. हँडल धरणाऱ्या स्टेमचे आणि सीटपोस्टचे ५ न्यूटन-मीटरचे बोल्ट मी तशाच रेंचने लावले असते तर काय झाले असते याचा विचार आजही नको वाटतो. तुम्ही त्याच्या दांड्यावर पांढऱ्या रंगाने एक खूण केलीत. नवा रेंच घेण्याची गरज उरली नाही.

बाकीची जोडणी मी घरी, वडगावात केली आणि तिच्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. फ्रेमच्या आतून गिअरची केबल ओढायला शेजारच्या मागावरचा रेशमी धागा आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर कामी आला; धागा या भोकातून सोडला, त्या भोकातून ओढून घेतला, त्याला केबल बांधली. साखळी तोडण्याआधी शॉकमधली हवा सोडून चाक पूर्ण वर दाबून बघ, हे तुम्ही फोनवर सांगितले नसते तर मी ती उभ्या सायकलवर मापून आखूड केली असती आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात गिअर बदलणारा मागचा डिरेलर उपटला असता. सस्पेन्शन दबताना मागचा ॲक्सल क्रँकपासून दूर जातो, हे तुम्ही ती सायकल न चालवता कसे ओळखलेत, ते एकदा विचारायचे आहे.

तुमचा प्रेसचा संच आता माझ्याकडे फारसा राहत नाही. खानापूरचा एक आणि हिंडलग्याचे दोघे असे तिघे तो घेऊन गेले आणि त्यांतल्या दोघांनी आपापली बेअरिंगे बदलली. तिसऱ्याच्या फ्रेमला ६९०० बेअरिंग लागते, भोक १० आणि बाहेरचा व्यास २२, त्यामुळे त्याला आपल्या चकत्या चालल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन येतो. १० च्या भोकातून १२ चा रॉड जाणार नाही, तेव्हा ८ चा लागेल असे वाटते, तुम्ही ठरवा. या वेळी माप पिनचे न घेता भोकाचे घेतले आहे, तरी तुम्ही स्वतः एकदा घ्यालच. आणि दोन्ही कामांचे पैसे या खेपेला घ्यावेत, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वडगावचा सायकलवाला