पुरानंतरच्या चौथ्या महिन्यासाठी मदतीचं आवाहन

प्रभू येशूच्या नावाने सर्वांना सप्रेम सलाम.

पूर ओसरल्यावर आठवडाभर आपल्या मंदिरातल्या मागच्या बाकांवर कागद वाळत होते. नदीकाठच्या वस्तीतली मातीच्या भिंतींची घरं बसली, तेव्हा एका बाईंनी पाण्यातून डोक्यावर धरून आणलेलं गाठोडं आपल्याकडे आलं. आतले सगळे कागद चिकटून त्यांची एकच वडी झाली होती. ओला कागद ओढला की फाटतो आणि दोन दिवसांत वाळला नाही तर बुरशी धरतो. म्हणून कडेने सुटेल तेवढंच पान अलगद सोडवायचं, मध्ये कोरा कागद घालायचा, तो भिजला की बदलायचा आणि कडक उन्हात न ठेवता पंख्याच्या वाऱ्यावर वाळवायचं. तरुण संघातल्या मुलींनी हे काम रात्री उशिरापर्यंत केलं. त्या बाई बाकाच्या टोकाला बसून होत्या. त्यांना वाचता येत नाही. पान सुटलं की विचारायच्या, "हे घराचं का?" मुलाचा शाळेचा दाखला निघाला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला निघाला. घराचा कागद शेवटून दुसरा होता. शाई पसरली होती, पण शिक्का वाचता येत होता.

त्या कागदामुळे त्यांचं नाव नुकसानभरपाईच्या यादीत तरी लागलं. पण वस्तीतले बरेच जण भाडेकरू. घर पडलं की भरपाईचा हक्क ज्याच्या नावावर जागा त्याचा. आत राहणाऱ्याची भांडी, अंथरूण, शिलाई मशीन, धंद्याची हातगाडी गेली, तरी त्याची नोंद व्हायची मारामार. सगळ्यात गरीब माणसाकडे दाखवायला कागदच नसतो आणि पहिल्या फेरीत सुटतो तो हाच.

पहिल्या पंधरवड्यात तुम्ही सगळे धावून आलात. चादरी आल्या, धान्य आलं, औषधं आली. त्यात आपल्या मंडळीबाहेरची, वेगवेगळ्या धर्मांची माणसं होती. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. त्यांतल्या पुष्कळांना वाटतं की आता काम झालं, आणि तसं वाटणं साहजिक आहे. पण आम्ही वस्तीत रोज जातो. खरी ओढाताण सुरू होते ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. तात्पुरता निवारा सोडावा लागतो. खोलीसाठी अनामत रक्कम लागते. ती नसली की माणूस सावकाराच्या दारात जातो, आणि घराआधी कर्ज उभं राहतं. मग थोरल्या मुलीची शाळा सुटते, कारण धाकट्यांना सांभाळायला कुणी तरी हवं असतं. हे सगळं आवाज न करता होतं. त्याचा फोटो निघत नाही, म्हणून त्यासाठी वर्गणीही जमत नाही.

हे आवाहन त्या चौथ्या महिन्यासाठी आहे.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उघड्या-उपाशी भावाबहिणीला नुसतं 'सुखाने जा' म्हणून वाटेला लावणाऱ्याला खडसावलं आहे. आम्हाला तो प्रश्न आता वेगळ्या अर्थाने टोचतो. चादर देऊन 'सुखाने जा' म्हटलं, तर ते तरी कुठे पुरेसं आहे? प्रेषितांची कृत्ये 11 मध्ये अंत्युखियाच्या शिष्यांनी दुष्काळाची वार्ता ऐकून यहूदियातल्या बांधवांसाठी मदत जमवली ती ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, आणि बर्णबा व शौल यांच्या हाती ती तिथल्या मंडळीच्या वडीलजनांकडे पोहोचवली. देणारे ऐपतीप्रमाणे देणारे, नेणारे विश्वासातले. आम्ही तीच रीत धरली आहे.

पंडिता रमाबाईंकडे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुली आल्या, तेव्हा त्यांना जेवू घालून बाई थांबल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुली विणकाम, छपाई, शेतीकाम शिकल्या. 1976 मध्ये मिलर्ड आणि लिंडा फुलर या ख्रिस्ती दांपत्याने हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही घरं बांधणारी संस्था सुरू केली, तिथेही हाच विचार दिसतो: घर ज्याचं, त्याने बांधकामात स्वतःचे हात लावायचे, बिनव्याजी हप्ते फेडायचे आणि त्या हप्त्यांतून पुढच्याचं घर उभं राहायचं. आपली समिती लहान आहे, तेवढं मोठं काम आपल्याच्याने होणार नाही. पण कुटुंबाला सोबत घेऊन बांधायचं, हे आपल्याला जमतं. मागच्या दोन घरांच्या वेळी घरातली म्हातारी माणसंसुद्धा भिंतीवर पाणी मारायला बसली होती.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती विचारली जाते आणि विचारणाऱ्याचा तो हक्क आहे. या निधीतून मदत घेणाऱ्याला त्याचा धर्म विचारला जात नाही. उपासनेला या, अशी अट नाही. अट तर नाहीच, सूचनाही नाही. आपत्तीत काम करणाऱ्या संस्थांसाठी 1994 मध्ये रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी मिळून आचारसंहिता केली, तिच्यात मदतीचा उपयोग कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी करायचा नाही, असं कलम आहे. ती संहिता पुढे आणणाऱ्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या. आम्ही प्रभूवर प्रेम करतो म्हणून हे काम करतो. पण छप्पर गेलेल्या माणसाला 'नाही' म्हणण्याची मोकळीक नसते, आणि अशा वेळी त्याच्यापुढे श्रद्धेचा प्रश्न ठेवणं आम्हाला पाप वाटतं. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या जखमी माणसाला त्याचा पंथ विचारला नव्हता. आणि हेही लक्षात ठेवा की तो त्याला उतारशाळेत सोडून लगेच निघून गेला नाही. रात्रभर त्याची काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी पैसे दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असं सांगून गेला.

आता मागणं. एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा बारा महिने दर महिन्याला थोडं द्याल, तर आम्हाला फार उपयोग होईल. खोलीचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, म्हणून पैसाही दर महिन्याला यावा. जमलेल्या पैशांतला निम्मा भाग पहिले तीन महिने हात न लावता ठेवायचा, असं समितीने ठरवलं आहे. तो अनामत रक्कम, छपराचे पत्रे, दाराची चौकट आणि बुडालेल्या धंद्याची अवजारं यांसाठी आहे. शिलाई मशीन परत मिळालं की बाई महिनाभरात स्वतःचं भाडं स्वतः भरायला लागते, हे आम्ही पाहिलं आहे.

जुने कपडे कृपा करून आणू नका. खोली भरली आहे आणि निवडायला माणसं नाहीत.

ज्यांना पैसे देणं शक्य नाही, त्यांनी संकोच करू नये. गवंडी, सुतार, वायरमन यांचा एक दिवस हवा आहे. अर्ज लिहून देणारा, कचेरीत सोबत जाऊन रांगेत उभा राहणारा माणूस तर फारच हवा आहे. घरात एक खोली रिकामी असेल आणि ती दोन महिने एखाद्या बाळंतिणीला देता आली, तर पाळकसाहेबांना खासगीत सांगा. आणि प्रार्थना करा, नाव घेऊन करा. नावं पाळकसाहेबांकडे आहेत.

प्रत्येक रकमेची पावती मिळेल. पैसे काढायला खजिनदार आणि सचिव अशा दोन सह्या लागतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर जमाखर्च वाचून दाखवला जाईल आणि वही कुणालाही पाहता येईल, आपल्या मंडळीचा सभासद नसला तरी.

पाकिटं दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. येत्या शनिवारी सकाळी त्या बाईंच्या घराची चौकट बसवायची आहे. चौकट तयार आहे, धरायला चार जण हवेत.

आपले नम्र,
सचिव, खजिनदार व सभासद,
मंडळीची सेवा समिती