ड्रायव्हर बदलण्याआधी प्रश्न विचारणाऱ्या ताईंस जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या घरच्या जुन्या संगणकाचा पडदा आता मध्येच काळा पडत नाही, हे तुम्हाला फोनवर कळवले आहेच. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण तुम्ही दाखवलेली वाट आमच्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडावी असे वाटते. जुन्या ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागाची, तक्रार कोणाकडेही नेली की सल्ला एका वाक्यात मिळतो : नवा ड्रायव्हर (विंडोजकडून ते कार्ड चालवून घेणारे सॉफ्टवेअर) टाका. तुम्ही मात्र ड्रायव्हरला हात लावण्याआधी दोष खरोखर त्याचाच आहे का हे तपासायला लावलेत, आणि तसे ठरल्यावरही सर्वांत नवा ड्रायव्हर न घेता आमच्या कार्डासाठी निघालेला शेवटचा ड्रायव्हर शोधायला लावलात. सगळा फरक त्यानेच पडला.

लक्षणे तुम्हाला ठाऊक आहेत. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. व्हिडिओ सुरू असताना पडदा काही क्षण काळा होई, परत येई आणि डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, आता तो पूर्ववत झाला आहे, अशा अर्थाची सूचना दिसे. क्वचित निळा पडदा येऊन त्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असे उमटे. कधी तर संगणक सुरू होताच सगळी चिन्हे भलीमोठी दिसत आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये (संगणकातील भागांची विंडोजमधली यादी) कार्डाच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ एवढेच, म्हणजे विंडोजच्या कामचलाऊ ड्रायव्हरचे, नाव असे.

या सूचनेचा अर्थ तुम्ही पहिल्याच फोनवर समजावून सांगितलात. विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्ये टीडीआर नावाची अशी व्यवस्था आहे, की ग्राफिक्स कार्डाला दिलेले काम दोन सेकंदांत पुढे सरकले नाही तर कार्ड अडकले असे मानून विंडोज त्याला आणि त्याच्या ड्रायव्हरला नव्याने सुरू करते, म्हणजे संपूर्ण संगणक बंद करण्याची वेळ येत नाही. तसे करूनही कार्ड शुद्धीवर आले नाही, तर मात्र निळा पडदा येतो. म्हणजे ती सूचना हा आजार नव्हता, आजाराची वर्दी होती. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, ही दोन सेकंदांची मुदत वाढवता येते आणि तसे करा असे सांगणारे पुष्कळ भेटतात; पण मुदत वाढवली तर कार्ड अडकायचे थांबणार नाही, आपल्याला ते उशिरा कळेल, असे सांगून तुम्ही तो उपाय तिथेच बाजूला ठेवलात. हा नकार मला त्या वेळी थोडा खटकला होता, कारण तो उपाय पाच मिनिटांचा होता. आज तो नकारच तुमच्या मदतीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

त्यानंतरचे तुमचे प्रश्न इतके साधे होते, की ते आधी कोणी विचारले नाहीत याचे नवल वाटते. संगणक सुरू होताना, विंडोज यायच्या आधी, कंपनीचे चिन्ह दिसते तेव्हा किंवा बायोसच्या (विंडोजआधी चालणाऱ्या प्राथमिक सेटिंग्जच्या) पडद्यावर रेघा, ठिपके, रंगीत चौकोन दिसतात का? दिसत असतील तर ड्रायव्हरचा विषयच संपला, कारण त्या वेळी विंडोजचा ड्रायव्हर अजून सुरूही झालेला नसतो. दोष कार्डात, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये शोधावा लागतो. आमच्याकडे तो पडदा स्वच्छ होता. मग दुसरी केबल लावून पाहिली, तिनेही काही बदलले नाही.

धुळीचा भाग जरा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. संगणक बंद करून, वीज काढून, बाजूचे झाकण उघडल्यावर कार्डावरच्या पंख्यामागे, धातूच्या पातळ पात्यांच्या फटींत, धुळीचा करडा थर नमद्यासारखा बसलेला दिसला. वारा जायला जागाच उरली नव्हती. तो थर मऊ ब्रशने काढताना पंखा बोटाने अडवून धरायचा, पंख्याला हवेच्या झोताने गरगर फिरू द्यायचे नाही, आणि कार्ड बाहेर काढलेच आहे तर त्याच्या सोनेरी संपर्कपट्ट्या कोऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून, खोडरबराचा चुरा झटकून मगच कार्ड पुन्हा खाचेत घट्ट बसवायचे, असे सगळे बारकावे तुम्ही फोनवरून सांगत होतात. बोर्डावरच्या कपॅसिटरांची (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची) डोकी फुगली आहेत का, हेही पाहायला लावलेत. ती सपाट होती. साफसफाईनंतर कार्डाचे तापमान स्पष्टपणे उतरले. पडदा काळा पडणे कमी झाले, पण थांबले नाही. इथे बहुतेकांनी सुस्कारा सोडून काम संपवले असते.

तुम्ही मात्र पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी दुसरी प्रणाली, चालवून पाहायला सांगितलेत, आणि ही कसोटी मला सगळ्यांत जास्त आवडली. संगणकात काहीही न बसवता, डिस्कवरच्या विंडोजला धक्काही न लावता, तेच कार्ड, तीच केबल आणि तोच मॉनिटर पूर्णपणे वेगळ्या ड्रायव्हरवर चालतो. तिथेही पडदा काळा झाला असता तर संशय यंत्रावर गेला असता. संध्याकाळभर व्हिडिओ चालू ठेवले, पडदा एकदाही हलला नाही. कार्ड निर्दोष आहे अशी शंभर टक्के खात्री यातून मिळत नाही, कारण दोन ड्रायव्हर कार्डाकडून सारखेच काम करवून घेतात असे नाही, हेही तुम्ही स्पष्ट केलेत. पण पुढची दिशा ठरवायला तेवढा पुरावा पुरेसा होता.

मग विंडोजमधील घडामोडींची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडून सिस्टिमच्या नोंदींत ‘डिस्प्ले’ या नावाखालच्या ४१०१ क्रमांकाच्या, म्हणजे ड्रायव्हर थांबून पूर्ववत झाल्याच्या, घटना बघितल्या. त्यांच्या वेळा ताडून पाहताच चित्र स्पष्ट झाले. जवळजवळ प्रत्येक नोंद ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असतानाची होती. ब्राउझरमधील हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (व्हिडिओचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवणारी सोय) बंद केले आणि नोंदी थांबल्या. मी तेवढ्यावर समाधान मानायला तयार होतो. पण तसे केल्याने व्हिडिओ उलगडण्याचे काम जुन्या प्रोसेसरवर पडते, तो तापतो आणि बाकी सगळे संथ होते, म्हणून ही चाचणी समजा, उपाय समजू नका, असे तुम्ही बजावलेत.

ड्रायव्हरवर संशय पक्का झाला, तेव्हाच तुम्ही तो बदलण्याची परवानगी दिलीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधील डिटेल्स या भागात हार्डवेअर आयडी असतो. त्यातील पहिला संकेतांक बनवणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा नेमक्या चिपचा. इंटेलचा संकेतांक ८०८६, एएमडीचा १००२ आणि एनव्हिडियाचा १०डीई. खोक्यावरच्या किंवा कार्डावरच्या चिकटपट्टीपेक्षा या आकड्यांवर विश्वास ठेवावा, हे मी आता सगळ्यांना सांगतो. नेमकी चिप कळली की तिच्या पिढीला आधार, म्हणजे नवे ड्रायव्हर आणि दुरुस्त्या, कधीपर्यंत मिळाला ते कंपनीच्या स्वतःच्या यादीत सापडते. उदाहरणार्थ, एएमडीने टेरास्केल पिढीची कार्डे २०१५च्या अखेरीस जुन्या, म्हणजे नियमित नवे ड्रायव्हर न मिळणाऱ्या, गटात टाकली, एनव्हिडियाने फर्मी पिढीसाठी नियमित ड्रायव्हर काढणे २०१८मध्ये थांबवले आणि केपलर पिढीसाठी २०२१मध्ये. त्यानंतरचा ड्रायव्हर कितीही ताजा असला तरी त्या कार्डाच्या कामाचा नसतो.

आमच्या संगणकाची गोम इथेच होती. त्यात ड्रायव्हर आपोआप अद्ययावत ठेवणारे एक फुकट सॉफ्टवेअर कोणीतरी कधीकाळी बसवले होते. ते लाल अक्षरांत ‘ड्रायव्हर जुना झाला आहे’ असे ओरडत राही आणि कुठून कुठून आणलेल्या आवृत्त्या एकावर एक चढवत राही. (अशा सॉफ्टवेअरच्या पानांवर ‘डाउनलोड’ची मोठमोठी हिरवी बटणे असतात आणि त्यांतले खरे कोणते ते देवालाच ठाऊक.) ते सॉफ्टवेअर आधी काढले. मग रिस्टोअर पॉइंट (काही बिघडल्यास विंडोजला मागच्या स्थितीत नेणारी नोंद) तयार केला, कंपनीच्या यादीतला योग्य ड्रायव्हर उतरवून घेतला, इंटरनेटची केबल काढून ठेवली आणि शिफ्ट दाबून रीस्टार्ट करून सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टींवर चालते त्या स्थितीत, गेलो. तिथे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे ड्रायव्हर पुसणारे सॉफ्टवेअर चालवून जुन्या आवृत्त्यांचे सगळे अवशेष पुसले. केबल काढण्याचे कारणही तुम्ही सांगितले होतेत : नाहीतर आपण स्वच्छ केलेल्या जागी विंडोज स्वतःच्या साठ्यातला एखादा ड्रायव्हर आणून बसवू शकते आणि मग आपण नेमके काय तपासतो आहोत ते कळेनासे होते. नवे बसवताना कस्टम हा पर्याय निवडून फक्त ड्रायव्हर घेतला, सोबतची जास्तीची सॉफ्टवेअर घेतली नाहीत.

त्यानंतर काहीही बदलायचे नाही, फक्त नेहमीसारखा वापर करायचा आणि नोंदी बघायच्या, हा तुमचा दंडक पाळणे सर्वांत कठीण गेले, कारण हात शिवशिवत होते. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन पुन्हा सुरू केले ते त्यानंतरच. ४१०१ची नवी नोंद आजवर आलेली नाही.

या उपायाची उणीवही तुम्ही लपवली नाहीत, याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. आधार संपलेल्या ड्रायव्हरला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. त्यातच विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यामुळे बँकेचे व्यवहार या संगणकावर करू नयेत असे तुम्ही सांगितलेत, आणि आम्ही ते बंद केले आहेत. पेन ड्राइव्हवरचे ते लिनक्स कायमचे बसवण्याचा तुमचा सल्लाही विचाराधीन आहे. घरच्यांची मराठी टंकलेखनाची सवय आणि प्रिंटर या दोन गोष्टी तिथे जमल्या की तेही करू. उतरवलेला ड्रायव्हर मात्र कंपनीच्या पानावरून उद्या नाहीसा झाला तरी अडायला नको, म्हणून वेगळ्या डिस्कवर जपून ठेवला आहे, आणि त्याच फोल्डरमध्ये तुमच्या प्रश्नांची यादी तुम्ही विचारलेल्या क्रमाने लिहून ठेवली आहे. शेजारी एकांचा संगणक असाच काळा पडू लागला आहे. तुमची हरकत नसेल तर ती यादी त्यांना देईन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एका जुन्या संगणकाचा मालक